दाराच्या वरची डबी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. प्रसंग आले नाहीत असं नाही. नात्यातल्या लग्नात, तेरवीच्या जेवणात, माझ्या सासुरवाडीचं घर कसं फुटलं हा विषय निघायचाच. मग कुणीतरी म्हणायचं, "दोघी जावांचं पटलं नाई, दुसरं काय." मी मान हलवायचो. एकदा पाहुण्यांनी थेट मला विचारलं तेव्हा मीही हेच वाक्य बोललो, आणि पुढ्यातला भात कालवायला लागलो.

जावांचं पटत नव्हतं हे खोटं आहे. त्या दोघी एका विहिरीवर पाणी भरत, एकमेकींच्या लेकरांना न्हाऊ घालत. त्यांच्यात जे आलं ते अंगठ्याएवढं होतं, लोखंडाचं होतं, आणि मी माझ्या हातानं ते भिंतीत ठेवलं होतं.

माझं गोंडपिपरीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग काळे-पांढरे टीव्ही, मग घरांवरच्या काड्यांच्या अँटेना. पुढं डिश आली. गावात तिला सगळे छत्री म्हणायचे. लोकांना छत्री लावून देणं हे माझं शेवटचं काम ठरलं, आणि खरं सांगायचं तर मला ते पूर्ण कळलेलंही होतं. म्हणूनच माझ्याजवळ अज्ञानाची सबब नाही.

माझी सासुरवाडी चामोर्शीकडच्या रस्त्यावरून आत गेलं की लागते. धानाची शेती, मागं सागाचं जंगल. सासरे गेल्यावर दोघा साळ्यांच्या, म्हणजे बायकोच्या भावांच्या, चुली वेगळ्या झाल्या, पण राग नव्हता त्यात. कुटुंबं वाढली होती एवढंच. मातीचं घर पाडून त्याच जागी विटांचं बांधलं, मधून एक भिंत घातली, अर्धं मोठ्याचं, अर्धं धाकट्याचं. त्या भिंतीत एक दार ठेवलं. ते दार माझ्या सासूबाईंसाठी. त्या जेवायला मोठ्याकडं होत्या, पण त्यांचा जीव धाकट्या सुनेपाशी. डोळ्यांनी त्यांना अंधूक दिसायचं. भिंतीला हात लावत त्या ह्या घरातून त्या घरात जायच्या, दिवसातून कितीदा तरी.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, नाटक असतं, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. त्या वर्षी मंडईच्या आधी घराला पलस्तर मारून व्हावं आणि टीव्ही लागावा असं दोघा भावांनी ठरवलं. छत्री एकच, टीव्ही दोन. आणि वायर कुठंही दिसली नाही पाहिजे. चंद्रपूरला कुणाच्या तरी घरी त्यांनी तसं पाहिलं होतं: भिंतीतून पांढरा बोर्ड, त्याला एक भोक, भोकात वायर घातली की चित्र. मोठा साळा फोनवर म्हणाला, "जवाईबापू, आपल्या घरचं काम दुसऱ्याले काऊन द्या? तुमीच या."

मी सामान पिशवीत भरलं आणि गेलो. घरचं काम म्हणून जरा मिरवतच गेलो म्हणा.

काम मी मन लावून केलं. भिंतीत छिन्नीनं चर पाडले, त्यात पाईप बसवला, पाईपातून जाड काळी वायर ओढून घेतली. ही वायर साध्या विजेच्या तारेसारखी नसते. आत एकच तांब्याची काडी, तिच्याभोवती पांढरा गर, त्यावर जाळी. सोलताना जाळीचा एक केसही काडीला लागला तर चित्र येत नाही. दोन्ही घरांत टीव्हीच्या मागं बोर्ड बसवले. मग स्लॅबवर चढून छत्री दक्षिणेला, जरा पूर्वेकडं कलती केली. समोर मोहाचं झाड होतं, त्याच्या फांदीच्या बाजूनं आकाश मिळेपर्यंत तिची जागा दोनदा बदलली.

मोठा साळा शिडी धरून उभा होता. "जवाईबापू, सांभाळून. पडले तं आमची बहीण आमाले जित्तं ठेवणार नाई."

"पडलो तं तुमच्याच घरी खाटेवर पडून राहीन. खाऊन-पिऊन."

खालून मोठ्याची बायको म्हणाली, "मंग पडाच नोका. तुमाले रोजची कोंबडी कुठून आणाव?"

धाकट्याची बायको मातीचा गोळा हातात घेऊन चूल सारवत होती. ती हसली आणि म्हणाली, "कोंबडी मोठ्या बाईनं द्यावी, रस्सा मी देतो. भाऊजी पडले तरी चालते." आमच्याकडं बायकाही 'मी देतो', 'मी जातो' असंच म्हणतात. ती फार बोलकी नव्हती, पण बोलली की सगळे हसायचे.

छत्रीचा डोळा बसवायला मी पिशवीत हात घातला, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. छत्रीच्या पुढं दांडीवर जो डबीसारखा भाग असतो त्याला आम्ही डोळा म्हणायचो. आकाशातून येणारे चॅनल दोन तऱ्हेनं येतात, काही आडवे, काही उभे. एका तोंडाचा डोळा एका वेळी एकच तऱ्हा खाली पाठवतो. कोणती पाठवायची हे टीव्हीजवळचा बॉक्स त्याला वायरीतून सांगतो. म्हणून घरात दोन टीव्ही असले की दोन तोंडांचा डोळा लागतो आणि वरून दोन वेगळ्या वायरी आणाव्या लागतात. तसं न करता एकाच वायरीला फाटा फोडून दोन बॉक्स जोडले, आणि एकानं आडवा चॅनल मागितला, दुसऱ्यानं उभा, तर आडव्याचं चालतं. उभ्यावाल्याचा पडदा काळा होतो. त्याच्या टीव्हीत काही बिघाड नसतो, आणि आडवा लावणाऱ्यानंही काही केलेलं नसतं. त्याला तर कळतसुद्धा नाही.

मी पिशवीत एका तोंडाचा डोळा आणला होता. दोन तोंडांचा दुकानात कपाटावरच राहिला होता.

गवंड्यानं खालून हाक दिली, "बापू, माल आटून राह्यला. तुमची डबी बंद करा, मले पलस्तर मारू द्या."

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे यायचे होते. मी मनाशी असा हिशेब केला: दोन्ही घरांत त्याच वेळी तीच मालिका बघतील, वेगळं बघायचं कुणाला सुचणार आहे? आणि मंडई झाली की दोन तोंडांचा डोळा घेऊन येऊ, स्लॅबवरून दुसरी वायर सोडू. मग मी पिशवीतून लोखंडाचा छोटा फाटा काढला, वायर त्याला जोडली, एक टोक मोठ्याकडं, एक धाकट्याकडं. मधल्या भिंतीतल्या दाराच्या बरोबर वर मी आधीच एक डबी बसवली होती. फाटा त्या डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि गवंड्याला म्हणालो, "मार पलस्तर."

त्यानं थापी फिरवली. झाकणही दिसेना. मला आठवतं, मी हात पुसत त्या ओल्या भिंतीकडं पाहिलं आणि मला बरंच वाटलं होतं.

मंडई चांगली झाली. येणारा प्रत्येक पाहुणा भिंतीतला बोर्ड बघायचा, बोटानं वाजवायचा. सासूबाई प्रत्येकाला सांगत, "आमच्या जवायानं लावलं." सासरी जावयाला असाही मान असतोच. आमच्या भागात सासरची माणसं वयानं मोठी असली तरी जावयाच्या पाया पडतात. त्या वेळी तर मला चहा दोन्ही चुलींवरून यायचा. मंडई संपल्यावर मी गोंडपिपरीला परतलो आणि दुकानात मागची कामं साचली होती त्यांत गुंतलो. डोळा कपाटावरच राहिला.

धान चुरून, मळणी उरकल्यावर कधीतरी मोठ्या साळ्याचा फोन आला. "जवाईबापू, चित्र जाते."

"कवा जाते?"

त्यानं आवाज खाली आणला. "माय तिकडं गेली का जाते."

मी समजलो. सासूबाईंना डोळ्यांनी मालिका दिसत नव्हती, पण भजनं ऐकायला आवडायची. दुपारी त्या दारातून धाकटीकडं जायच्या आणि ती त्यांच्यासाठी भजनाचं चॅनल लावायची. ते आडवं होतं. मोठी त्याच वेळी रात्रीची मालिका पुन्हा बघायला बसायची. ती उभी.

मी गेलो. अंगणात दोन्ही घरची माणसं होती, शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन थांबल्या होत्या, गवंडीही कशाला तरी आला होता. मी मोठीचा टीव्ही लावायला सांगितलं, धाकटीचा बंद. चित्र लख्ख. मग धाकटीला म्हणालो, आता तुमचं लावा. तिनं आतून भजन लावलं, आणि मोठीच्या पडद्यावर काळं झालं.

मोठी उभी राहिली. रागापेक्षा तिला रडू येत होतं असं मला आज वाटतं. सासू तिच्या चुलीवर जेवायची आणि वेळ घालवायला पलीकडं जायची, ते तिच्या मनात आधीपासून असणार. ती म्हणाली, "पाहा. मी म्हणलं तं कोणी आयकत नव्हतं. भाऊजी, इकडं मी काई केलं काय?"

"नाई."

"मंग तिकडून होऊन राह्यलं ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. जावयाच्या कामात खोट काढायची नाही हा सासरचा रिवाज. म्हणून त्या अंगणात एकाही माणसाच्या मनात आलं नाही की दोष वायरीत असेल. आलं असलं तरी कुणी बोललं नसतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: बाई, चूक माझी आहे, घाईत मी एका वायरीवर दोन घरं बांधली. गवंडी हसला असता. शेजारच्या बायका घरी जाऊन सांगत्या. गावात आणखी काही घरांनी मला छत्री लावायला बोलावून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "हो, तिकडूनच होऊन राह्यलं."

शब्दाला शब्द लावला तर ते खोटंही नव्हतं. पलीकडच्या बॉक्सनं आडवा चॅनल मागितला म्हणूनच अलीकडचं जात होतं. ह्या आडोशामागं मी पुष्कळ वर्षं बसलो.

धाकटी दारात आली होती. हातात रिमोट, बोटांना भाकरीचं पीठ. "भाऊजी, म्या तं एकच बटन दाबलं," ती म्हणाली. "भजनाचं. मायसाठी."

सासूबाई तिच्या मागून चाचपडत आल्या. "काय झालं वं?"

धाकट्या साळ्यानं बायकोच्या हातातून रिमोट घेतला आणि आत गेला. मी मोठ्याला म्हणालो, "पुढच्या खेपेस एक सामान आणतो, मग हे होणार नाई." तेवढं मी नक्की म्हणालो. पण तोपर्यंत मोठी पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती, आणि माझं वाक्य कुणाच्या कानावर गेलं असं वाटत नाही.

घरी बायकोला सगळं कळलंच. तिचंच माहेर. स्वयंपाक करताना पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, "अजी, तुमच्या कामात तं खोट नाई ना?"

"माझ्या कामात काऊन राहील?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावरच्या विश्वासानं ती मोठ्या भावाच्या बाजूनं झाली. हे लिहिताना सगळ्यात जड तेच वाटतं. तिच्या धाकट्या वहिनीशी तिचं एरवी गूळपीठ होतं. त्यानंतर तिनं तिला सणाचा फोनही केला नाही.

डोळा घेऊन मी लगेच गेलो नाही. आज जाऊ, बाजाराच्या दिवसानंतर जाऊ, असं होत राहिलं. खरं म्हणजे मला त्या अंगणात उभं राहायचं नव्हतं. अखेर शिमग्याच्या आधी मी तो पिशवीत टाकला आणि निघालो. मनात असं होतं की गुपचूप स्लॅबवर चढायचं, दुसरी वायर बाहेरून सोडायची, आणि सांगायचं, नवं यंत्र आलंय, आता दोघांचंही चालेल. चूक माझी होती हे कुणाला कळणार नाही आणि भांडणही मिटेल.

गल्लीतूनच मला स्लॅबवर दोन छत्र्या दिसल्या.

धाकट्यानं आपली वायर बोर्डातून उपटून काढली होती आणि चामोर्शीहून माणूस आणून वेगळी छत्री लावून घेतली होती. त्यामुळं मोठीचं चित्र आता कधीच जात नव्हतं. झालं, तिला पुरावा मिळाला. ती मला ताट वाढताना म्हणाली, "पाहा भाऊजी, तिची वायर गेली आणि माहा टीव्ही सुधारला. खोट तिच्या मनातच होती ना?"

मी मान वर केली तेव्हा मला ते दार दिसलं. म्हणजे दार नव्हतंच. तिथं विटा रचून सिमेंट फासलं होतं, अजून रंग द्यायचा होता. वरच्या बाजूला माझ्या डबीचा भाग तसाच गुळगुळीत होता. त्या विटांना पाठ टेकून सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, मान भिंतीकडं वळवून.

"माय, इथी काऊन बसल्या? गारठा लागन."

"भजन आयकतो बापू," त्या म्हणाल्या. "तिनं आवाज वाढवला माह्यासाठी. इथून आयकू येते."

मोठी चुलीपाशी होती. "आयकू येईन नाई तं काय? दिवसभर मुद्दाम आवाज चढवून ठेवते. इकडच्या माणसानं झोपावं का नाई?"

मी जेवलो. पिशवीत हात घालून डोळ्याच्या खोक्याला स्पर्श केला, आणि हात काढून घेतला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. दोघांची छत्री वेगळी, वायर वेगळी. दुरुस्त करण्यासारखं वायरीत काही उरलं नव्हतं. बोललो असतो तरच काही झालं असतं, आणि बोलण्याची पिशवी मी आणली नव्हती. धाकटीच्या घरी त्या दिवशी मी गेलोच नाही. तिनं कुंपणावरून विचारलं, "भाऊजी, चहा घेता?" मी म्हणालो, बस निघून जाईल.

पावसाळा लागायच्या आत धाकटा साळा बायको-लेकरांना घेऊन बल्लारपूरला गेला. तिथं कागद कारखान्यात ठेकेदाराकडं काम मिळालं. शेत त्यानं बटईनं दुसऱ्याच माणसाला दिलं, भावाला नाही. पलीकडच्या घराला कुलूप लागलं. सासूबाई त्यानंतरही काही दिवस त्या विटांना टेकून बसायच्या, असं मोठी मला सांगायची. म्हातारपणाचा भ्रम म्हणून सांगायची. मग त्यांनी बसणं सोडलं, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या गेल्या. धाकटी मातीला आली होती. बायकांमध्ये एका बाजूला बसली आणि त्याच दिवशी परत गेली. माझी बायको तिच्याशी बोलली नाही.

मी बल्लारपूरला एकदाच गेलो. तोपर्यंत दुकान बंद केलं होतं, गुडघे दुखत होते. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी सांगितलं की डोळे तपासायला चंद्रपूरला जातो. गोंडपिपरीहून बल्लारपूरची बस दाट झाडीतून जाते. त्या सगळ्या वाटेवर मी एक बोलणं मनात जुळवत होतो. पिशवीत दोन तोंडांच्या डोळ्याचं ते खोकं होतं. का घेतलं होतं, ते मला नीट सांगता येत नाही. दाखवायला काहीतरी हातात असावं, असं वाटलं असेल.

धाकटा कामावर होता. धाकटी एकटीच होती, गॅसवर डाळ शिजत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं आधी डोक्यावर पदर घेतला आणि वाकून माझ्या पाया पडली. मी म्हणालो, असू द्या, असू द्या.

दोन खोल्यांचं घर. टीव्ही एका फळीवर. त्याची वायर भिंतीवरून उघडीच आली होती, थोड्या थोड्या अंतरावर खिळे मारलेली, खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेली. सवयीनं माझी नजर तिच्यावरून फिरली. तिनं ते पाहिलं.

"भाऊजी, चांगलं दिसत नाई ना? लावणारा म्हणत होता, भिंतीत टाकून देतो. म्या म्हणलं नाई. मले वायर दिसली पाहिजे, कुठून कुठी जाते ते."

मी चहा घेतला. बोलणं जिभेवर होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "एक विचारू काय? तुमी जाणते मानूस. रागवू नका."

"विचारा."

"त्या दिवशी तुमी म्हणले, तिकडूनच होऊन राह्यलं. मले तवापासून एकच वाटते. म्या कोनतं बटन दाबलं होतं? भजनाचं सोडून दुसरं कोनतं लागलं असन काय? मले तं अक्षर कमी वाचता येते. लई डाव आठवून पाह्यलं. माह्या हातून काई तरी झालंच असन ना, तुमी म्हणले म्हणजे. माह्यापायी मायचं दार गेलं."

तिनं हे शांतपणे विचारलं, गॅस बारीक करता करता.

मला वाटत होतं तिला राग असेल, मोठीवर, माझ्यावर, सगळ्यांवर. राग असता तर मी कदाचित बोललो असतो. इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती, आणि तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. जावई म्हणाला म्हणजे खरं असणार. मी म्हणालो, "तुमी काई नाई दाबलं, बाई. बॉक्स जुन्या पद्धतीचे होते. तेव्हा असं व्हायचं."

"म्हणजे बॉक्सची चूक?"

"हो."

तिनं डाळीवरचं झाकण सारखं केलं आणि म्हणाली, "असं होय. बरं झालं सांगितलं." तिचा चेहरा जरा मोकळा झाला. त्या मोकळ्या चेहऱ्यासमोर मला आणखी पुढं जाता आलं नाही. मी स्वतःची समजूत काढली की तिचं ओझं तर उतरलं, मग बाकीचं कशाला. निघताना तिनं लाखोळीच्या डाळीची पिशवी बांधून दिली, "बाईले द्या, माह्याकडची म्हणून नका सांगू," आणि पुन्हा पाया पडली. डाळ मी बायकोला दिली आणि बाजारातून घेतली असं सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात धाकटी गेली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तेरवीला मोठा साळा आला होता. दोघे भाऊ एका पंगतीत शेजारी बसले, म्हातारे दिसत होते. जेवून उठल्यावर मोठा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जवाईबापू, बाई मनानं वाईट नव्हती. एक तेवढी गोष्ट सोडली तं."

एक तेवढी गोष्ट. बॉक्सची चूक होती हेही मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तिला दिलेलं अर्धंमुर्धं मी तिच्या एकटीपुरतंच ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याला तिनं सांगितलं असेल तर माहीत नाही. बाकी सगळ्यांसाठी ती सासूला तोडणारी सून म्हणूनच गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आता मले सांगून काय करता?" आणि सूप घेऊन आत गेली. तिचं बरोबर आहे. तिच्या दोन्ही भावांना मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की हेच वाचून दाखवायला जाणार आहे, आधी मोठ्याकडं, त्याच घरात. ती डबी अजून दाराच्या वर असेल. छिन्नी लावली तर निघेल. मोठीलाही ते बघू दे.

पण ज्या माणसाला सांगायचं होतं ते आता नाही. बल्लारपूरच्या बसमध्ये मी जे बोलणं जुळवलं होतं, ते मला अजून जसंच्या तसं येतं. ते असं होतं:

बाई, तुमी काई केलं नाई. तुमी बटन बरोबर दाबलं होतं. बॉक्सचीबी चूक नव्हती. दोन वायरी लागत होत्या, म्या एकच टाकली, मले माहीत होतं, आनि मंग चारचौघांत लाज वाटली म्हणून म्या तुमच्यावर जाऊ दिलं. मायचं दार माह्यापायी गेलं. माह्या पाया पडू नका. मले माफ करा.